कोरडी नाव

कौतिकच्या नावेत पाणी येत होतं, आणि ते कुठून येतंय हे शोधायला भाईदास फिटर सलग तिसऱ्या दिवशी राजघाटावर नावेच्या तळाशी पालथा पडला होता.

नाव साधीसुधी नव्हती. संस्थानं विलीन होऊ लागली तेव्हा एका लहानशा राजाच्या तलावावरची ही शिडाची नाव लिलावात निघाली. वारा राजाचंही ऐकत नाही हे कळल्यावर महाराजांनी शिडाच्या जोडीला मागे इंजीन बसवून घेतलं होतं. आता राज्यच गेलं, तिथे तलावात फिरायला कुणाला फुरसत. कौतिकच्या घरात तीन पिढ्या तापीवर नाव चालत होती, बुऱ्हाणपूर ते पलतीरावरचं जैनाबाद, बांबूने ढकलत. त्याने ही नाव घेतली आणि दोन बैलगाड्या एकापुढे एक जोडून आणली. असीरगडाच्या उतारावर समोरून शीड डुलत येताना पाहून एका लॉरीवाल्याने लॉरी थेट शेतात घातली आणि नदी कुठवर आली म्हणून विचारलं, असं सांगतात. सांगणारे फारसे खोटं बोलणारे नव्हते.

पण नव्या राज्यात बापजाद्यांपासूनचा घाट हे काही परवान्याचं कारण होत नव्हतं. त्याच घाटासाठी मोतीलाल नावाच्या दुसऱ्या नावाड्यानेही अर्ज टाकला होता. नायब तहसीलदारसाहेब सोमवारी स्वतः नदी ओलांडून बघणार आणि मग कुणाला घाट द्यायचा ते ठरवणार होते. छापील कागदात पहिलाच प्रश्न होता, नाव आतून कोरडी आहे काय. आणि कौतिकच्या नावेत सकाळी काढलेलं पाणी संध्याकाळपर्यंत पुन्हा घोट्याएवढं होत होतं. एकदा तर त्यात वीतभर मरळ सापडली. कौतिकच्या बायकोने, सोजरबाईने, ती रांधलीही, पण साहेबांच्या कागदात मासळीचा रकाना नव्हता.

"भाईदास, पाणी थांबेल ना रे?" कौतिकने विचारलं. "घाट गेला तर मी काय करू? मले दुसरं काही येत नाही."

"कौतिकभाऊ, मी मिलमध्ये वाफ थांबवतो. पाण्याची काय बिशाद?"

हे खोटं नव्हतं. मिलमधल्या वाफेच्या नळांचा भाईदास राजा होता. त्याने आवळलेल्या व्हॉल्व्हमधून अकरा वर्षांत फुस्स म्हणून आवाज आला नव्हता. कुठे थेंब दिसला की कापडावर डाग पडायचा आणि मिलचा मास्तर सगळ्या खात्यासमोर नाव घेऊन विचारायचा. त्यामुळे थेंब म्हणजे भाईदासला चारचौघांत झालेला अपमान वाटे.

पहिल्या दिवशी त्याने फळ्यांवर संशय घेतला आणि प्रत्येक भेगेत कापूस आणि डांबर ठासलं. पाणी आलंच. दुसऱ्या दिवशी त्याने सहा माणसं लावून नाव काठावर ओढली, आत हात फिरवला, दोन तास बसून पाहिलं आणि गळती बंद झाल्याचं जाहीर केलं. जमिनीवर पाणी आत येणार कुठून, हे सोजरबाईने कोरड्या आवाजात विचारलं तेव्हा घाटावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. भाईदासने ते मनावर घेतलं नाही, म्हणजे फार घेतलं.

तिसऱ्या दिवशी मात्र त्याचं डोकं चाललं. पाणी आत येतं तिथूनच बाहेरही जाणार. त्याने काठावरच्या नावेत वीस घागरी पाणी ओतायला लावलं, बाहेरून सगळ्या तळाला सोजरबाईच्या डब्यातली हळद फासली आणि पालथा पडून पाहत राहिला. हळदीत एकच ओघळ उमटला. इंजिनाचा दांडा जिथून नावेच्या पोटातून बाहेर पंख्याकडे जातो, तिथे एक पितळी डबी होती. आत चरबी लावलेली सुताची दोरी ठासायची आणि वरून चकती आवळायची, म्हणजे दांडाही फिरतो आणि पाणीही अडतं. मिलमध्ये याला ग्लँड म्हणत. आपल्याच गल्लीतला माणूस परगावी भेटावा तसा भाईदासला आनंद झाला.

त्याने जुनी दोरी काढली, नवी ठासली, नाव पाण्यात सोडली आणि पाना लावला. गळती कमी झाली, मग थेंबाथेंबावर आली. भाईदासने पुन्हा पाना लावला.

तेव्हा यादव बोलला. हा म्हातारा राजाच्या पदरी इंजीन चालवायचा. नाव विकली गेली तरी तिच्या मागोमाग तोही बुऱ्हाणपूरला आला होता आणि कौतिकला इंजीन शिकवत होता.

"मिस्त्री, बस आता. थोडं टपकू द्या," तो म्हणाला. "मिनिटाला आठ-दहा थेंब आले पाहिजेत. दांडा त्याच्यावरच थंड राहतो. खाली डबा ठेवायचा आणि ओतून टाकायचा, झालं."

सोमवारी साहेब येणार होते, घाटावर पंधरावीस माणसं बघत होती, आणि कालच्या पदरांचं हसू भाईदासच्या कानात होतं. त्याने मान वर न करताच उत्तर दिलं.

"बाबा, तुमच्या महाराजांना गळकं चालत असेल. आता कायद्याचं राज्य आहे."

सगळा घाट हसला. यादवही थोडा हसला. मग त्याने आपली ट्रंक उचलली आणि दुपारच्या गाडीने निघून गेला. कौतिक त्याला थांबवायला धावणार होता, पण भाईदासने त्याला बसवलं. गळकी विद्या शिकून करायचंय काय, असं काहीतरी तो म्हणाला. पुढे किती वर्षं तो ते वाक्य आठवून जेवता जेवता थांबत असे, हे गोदाबाईने, त्याच्या बायकोने, मोजायचं सोडून दिलं.

त्याने चकती शेवटच्या आट्यापर्यंत आवळली. थेंब थांबला. नाव रात्रभर पाण्यात राहून सकाळी पापडासारखी कोरडी होती.

आणखी एक गोष्ट त्याने कौतिकच्या गळी उतरवली होती. इंजीन असताना शीड कशाला? एवढं चांगलं जाड कापड उन्हात सडवायचं? सोजरबाई आणि गोदाबाईने मिळून शीड फाडलं. त्यातून तीन गाद्यांच्या खोळी, एक ताडपत्री आणि दोघा मित्रांना एकेक नवा पायजमा निघाला. सोमवारी साहेबांसाठी दोघांनी तेच पायजमे घातले.

साहेब आले. त्यांना नदीची धास्ती होती आणि पायात नवे बूट होते. नावेत उतरताना त्यांनी आधी बोटाने फळी चाचपली, बोट पाहिलं आणि चेहरा उजळला. कागदावर खूण झाली. कौतिकने इंजीन सुरू केलं आणि नाव अशी निघाली, की काठावर मोतीलालने उगाचच टोपी काढून पुन्हा घातली. भाईदासने कौतिककडे पाहिलं. कौतिकचे डोळे भरले होते.

मधोमध आल्यावर करपल्याचा वास आला. साहेबांनी विचारलं, कुणाचा स्वयंपाक आहे का. पितळी डबीतून धुराची एक रेघ वर आली, दांडा रडवेल्या मांजरासारखा ओरडला, आणि इंजीन एक आचका देऊन बंद पडलं.

तेव्हा भाईदासला कळलं. मिलमधल्या व्हॉल्व्हचा दांडा दिवसातून दोनदा अर्धा फेरा फिरतो. हा मिनिटाला सहाशे फेरे फिरत होता, आणि त्याच्या घशात भाईदासने पाण्याचा घोटही राहू दिला नव्हता. त्याने डबीवर ओंजळभर नदी ओतली. चर्र झालं. दांडा जागीच आवळून बसला.

"घाबरायचं कारण नाही," साहेब घाबरून म्हणाले. "शिडाची नाव आहे ना ही? शीड लावा."

वारा छान सुटला होता. तो दोघांच्या पायजम्यांत भरला, पायजमे फुगले, पण तेवढ्यावर काही नाव वळली नाही. आपली नाव इंजिनाची म्हणून बांबू काठावर ठेवून येण्याचा सल्लाही भाईदासचाच होता. तापीने त्यांना सावकाश खाली नेलं आणि तासाभराने एका केळीच्या बागेला टेकवलं. बागवान केळीचा घड खांद्यावर घेऊन तसाच बघत उभा राहिला.

कौतिक खाली मान घालून बसला होता. घाट गेला, हे त्याने मनात म्हटलेलं भाईदासला ऐकू आलं. साहेब उतरले. त्यांनी आधी बूट पाहिले. बूट कोरडे होते. मग त्यांनी कागद काढून बारकाईने वाचला. नाव कोरडी आहे काय. माणसं किती बसतात. कंदील आहे काय. नाव चालते काय, असा प्रश्न छापणाऱ्याला सुचला नव्हता.

"जे विचारलंय ते सगळं ठीक आहे," साहेब म्हणाले, आणि मोटारनौकेचा परवाना कौतिकच्या नावे झाला.

दांडा निकामी झाला होता, आणि तसा दुसरा कुठे मिळाला नाही. भाईदासने मिलच्या लेथवर दोन बनवून पाहिले, दोन्ही वाकले. यादवच्या गावी जाऊनही तो आला. म्हातारा मुलाकडे कुठे लांब गेला होता, पत्ता कुणाला माहीत नव्हता. बुऱ्हाणपूरची एकमेव मोटारनौका पुढे कितीतरी वर्षं बांबूने चालली. साध्या नावेपेक्षा ती दुप्पट जड होती, कारण पोटात इंजीन होतं. मिल सुटली की भाईदास घाटावर येई आणि दिवे लागेपर्यंत दुसरा बांबू धरी. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

कौतिकने त्याला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. उलट नवा उतारू बसला आणि इंजिनाकडे पाहून काही विचारू लागला, की कौतिक मोठ्या अभिमानाने सांगायचा.

"आमच्या भाईदासभाऊचं काम आहे ते. इतकी वर्षं झाली, थेंब आत आला नाही."

उतारू वाकून तळाकडे पाहायचा. तळ खरोखर कोरडा असायचा. भाईदास बांबू नदीच्या तळाशी टेकवायचा आणि छातीने जोर लावायचा.