रेडिएटरवरची फुलपाखरं

विसरवाडी फाट्यावर ट्रक थांबला की क्लीनरच्या आधी पारसशेठ गाडीच्या तोंडाशी वाकतात. एका हातात चिमटा, दुसऱ्यात दातांचा जुना ब्रश. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली फुलपाखरं ते सोनाराच्या हातानं सोडवतात. नवखा ड्रायव्हर असला तर त्याला वाटतं, हा आरटीओचा माणूस. तो बिचारा कागद काढून उभा राहतो. शेठ कागदांकडे ढुंकूनही बघत नाहीत. "गाडी सुरतकडथीन उनी का धुळाकडथीन?" एवढंच विचारतात.

माझं पंक्चरचं दुकान त्यांच्या किराणा दुकानासमोर, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकट. गिऱ्हाईक काउंटरवर मीठ मागत उभं, आणि मालक ट्रकखाली. अशानं धंदा होतो का? मी बोंबलून बोंबलून थकलो.

माणूस मारवाडी, जैन. मुंगी चुकवून पाय टाकणारा. त्यात नाद लागला फुलपाखरांचा. मग नियम केला, मेलेलंच घ्यायचं, तेही आपलं आपण मेलेलं. जाळं नाही, औषधाची बाटली नाही. मेलेल्यालासुद्धा टाचणी टोचत नाहीत. मिठाईच्या खोक्यात कापूस, कापसावर फुलपाखरू, कोपऱ्यात कापूर. जंगलखात्याच्या माणसानं सांगितलं, काही जाती मेलेल्याही घरात ठेवायच्या नाहीत, कायदा आहे. तेव्हापासून त्या जातीचं सापडलं की करंजाच्या बुंध्याशी ठेवून हात जोडून येतात.

खोक्यांना मुंग्या लागायच्या. मारायच्या तर नाहीत. म्हणून शेठ रोज लांब बांधावरच्या वारुळाला पीठसाखर घालून यायचे, तिकडेच जेवा म्हणून. मुंग्या तिकडे जेवायच्या आणि झोपायला खोक्यात यायच्या.

पण खरा वैताग वेगळाच. फुलपाखरात धुगधुगी असली की शेठ त्याला पळसाच्या पानावर ठेवून रस्त्याच्या कडेला छत्री धरून बसणार. त्याचा जीव जाईपर्यंत. मी इकडून विचारायचो, "शेठ, शांत व्हयना का?" मरण्यासाठी हा त्यांचाच शब्द. "नही आजून," असं म्हणून ते मुंग्यांना फुंकर घालत राहायचे.

भाभी, म्हणजे शेठाणी, दुकानामागच्या खोलीत खाटेवर होत्या. सुरतच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला होता. शेठ रोज एक खोकं उघडून त्यांच्या उशाशी धरायचे. भाभींची एकच इच्छा राहिली होती. नवरी होऊन येताना घाटात गाडी बंद पडली होती, तेव्हा त्यांनी नीलवंत पाहिला होता, काळ्या पंखांवर निळी झाक असलेला, तळहाताएवढा. तो पुन्हा एकदा बघायचा होता. शेठनी जाळ्यांवर जाळ्या धुंडाळल्या. नीलवंत काही मिळेना.

मिळाला तो एका दुपारी, केळी भरलेल्या ट्रकच्या जाळीत. एक पंख फाटलेला, आणि जिवंत. शेठनी तो पानावर घेतला आणि छत्री उघडली.

माझं डोकं फिरलं. हातातला पाना टाकून मी रस्ता ओलांडला. "शेठ, उचला ना तेले. भाभीले दखाडी या."

"जीव शे त्यामा, नाना. बंद खोलीमा घाबरी जाई."

"आनि भाभी?"

त्यांनी छत्री आणखी खाली धरली. तेवढ्यात दुकानाच्या पायरीवरून सुनेनं हाक मारली, "पप्पाजी, लवकर या." शेठ उठले, परत बसले, पानाकडे बघितलं, घराकडे बघितलं. मग छत्री माझ्या हातात दिली. "तुम्ही बठा. एकला नको तो." आणि चप्पल तिथंच टाकून धावले.

मी बसलो. वाटलं, काय हा मूर्खपणा, न्यावं उचलून. पान उचललंही, पण तो जिवाच्या आकांतानं फडफडला. खाली ठेवला आणि मुंग्यांना फुंकर घालू लागलो. थोड्या वेळानं घरातून सुनेचं रडणं ऐकू आलं.

शेठ अनवाणीच परत आले. "शांत व्हयनी," म्हणाले. मग पानाकडे बोट करून विचारलं,

"आनि हाऊ?"

"जित्ता शे आजून."

त्यांनी माझ्या हातातली छत्री घेतली आणि पानाशेजारी बसले. दुकानापुढे माणसं जमायला लागली होती. मी म्हणालो, "शेठ, घर चला. लोकं जमनात."

"मी तिले सांगं, नीलवंत उना शे, पन जित्ता शे. ती बोलनी, मंग आनू नका. तेना जवळ बठा."

एवढं बोलून ते रडले. छत्री मात्र पानावरून हलू दिली नाही. एका जीपचं चाक माझ्या दुकानापुढे खोलून पडलं होतं. ते तसंच राहू दिलं, आणि मी दुसऱ्या बाजूनं मुंग्या राखत बसलो.