पहिला क्रमांक राखून ठेवला आहे

पत्ते जमवत लढण्याच्या व्हिडिओ गेम्समध्ये पहिला कोण, हे ठरवणारी कोणतीही अधिकृत यंत्रणा देशात अस्तित्वात नाही, ही गंभीर बाब म्हैसूरच्या तिरुमलरावांच्या निदर्शनास एका रविवारी इडली खाताना आली. तिरुमलराव एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून तपासायला काही मिळत नसल्याने त्यांची प्रकृती ठीक नसे.

त्यांची मुलगी अन्विता हे खेळ खेळून त्यांची क्रमवारी आपल्या ब्लॉगवर लिहीत असे. खेळ साधा. हातात चार फालतू पत्ते घेऊन निघायचं, लढाई जिंकली की एखादा बरा पत्ता उचलायचा, आणि आपला पत्त्यांचा कॅट आपणच बांधत शेवटच्या राक्षसापर्यंत पोचायचं. यंदा तिने पहिला क्रमांक दिला होता तो लष्कर मोहल्ल्यातल्या श्रीहर्षच्या खेळाला. त्याने तो नोकरी सोडून एकट्याने बनवला होता. त्यात शेवटी राक्षसाऐवजी एक कारकून बसलेला असे, आणि कुठलाही पत्ता टाका, तो "झेरॉक्स कुठाय?" एवढंच विचारी. पहिल्यांदा खेळताना अन्विता हसून हसून खुर्चीवरून घसरली होती. पुढे त्या दोघांचं लग्नही ठरलं.

"परीक्षक तू, आणि पहिला आला तुझाच होणारा नवरा?" तिरुमलरावांनी चमचा खाली ठेवला.

"अप्पा, सुम्ने, उगीच आपलं लिहिते हो मी. आवडला म्हणून पहिला."

"आवडणं हा निकष होत नाही."

संध्याकाळपर्यंत मूल्यमापन समिती स्थापन झाली. अध्यक्ष तिरुमलराव, सदस्य शेजारचे तुकोजीराव आणि नागरत्नाबाई. नातेसंबंधामुळे अन्विताला वगळण्यात आलं. पहिल्याच बैठकीत तुकोजीरावांनी मूलभूत मुद्दा मांडला, की जो माणूस खेळ खेळतो त्याचं त्याविषयी मत बनतं, आणि मत बनलेला माणूस निःपक्षपाती राहत नाही. तेव्हा परीक्षकांनी खेळ खेळू नयेत, असं एकमताने ठरलं. गुण चित्रं पाहून द्यावेत.

हे समजताच बाकीच्या खेळवाल्यांनी एकमेकांच्या खेळांवर हरकती पाठवल्या. नियमानुसार हरकत आलेल्या प्रत्येक खेळाचा निकाल राखून ठेवण्यात आला. श्रीहर्षवर हरकत कोणी घेतली नव्हती. ती अध्यक्षांनी स्वतःच घेतली.

श्रीहर्ष होणाऱ्या सासऱ्यांना भेटायला घरी आला. "मामा, एकदा खेळून तरी बघा."

"तुझ्यावर अन्याय होईल रे."

शेवटी अन्विताच चिडली. तिने वडिलांना हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आज खेळल्याशिवाय कॉफी नाही, अप्पा!" तिरुमलराव नाइलाजाने खेळू लागले. दुपार सरली. कुरकुर थांबली. त्यांच्या पत्नी कमलाक्षीबाईंनी आतून दोनदा हाक मारली, तरी त्यांना ऐकू गेली नाही. अखेर ते कारकुनापर्यंत पोचले. त्यांनी आपला सर्वांत भारी पत्ता टाकला.

"झेरॉक्स कुठाय?" कारकुनाने विचारलं.

अन्विता आणि श्रीहर्ष, आता हसतील म्हणून, त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिरुमलरावांचे डोळे भरून आले.

"बरोबर विचारतोय," ते म्हणाले. "अख्ख्या खेळात हा एकटा शिस्तीचा माणूस. पोरा, शंभरपैकी शंभर!"

श्रीहर्ष वाकून पाया पडला. पण तिरुमलरावांचा चेहरा तेवढ्यात उतरला. "अय्यो, मी तर खेळलो! म्हणजे मी अपात्र." त्यांनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला आणि अपात्र परीक्षकाचे गुण म्हणून ते शंभरही रद्द केले.

उरलेल्या समितीने यादी जाहीर केली. एकही हरकत न आलेला खेळ एकच होता, तो पहिला आला. तो अजून तयार व्हायचा होता, फक्त पोस्टर आलं होतं. यादी तुफान गाजली. न खेळता लावलेली असल्याने लोकांना ती विश्वासार्ह वाटली, आणि पोस्टरला पाच तारे मिळू लागले. श्रीहर्षने हूटगळ्ळीच्या एका कंपनीत नोकरी धरली. नवीन खेळाचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. अन्विताने ब्लॉग बंद केला.

तिला अजून रोज विचारणा होते, तो पहिला आलेला खेळ कधी येणार, सांगा. श्रीहर्षच्या खेळाचं नाव मात्र कोणी विचारलेलं नाही. ते इथेही कुठे आलेलं नाही, आणि आपल्यालाही इथवर त्याची गरज भासली नाही.