पुढे ढकला

आमच्या यवतच्या वधू-वर मंडळाची वेबसाईट मीच सांभाळावी, असं अध्यक्ष साहेबराव आप्पांनी ठरवलं. कारण काय, तर मी कचेरीत कॉम्प्युटरसमोर बसतो. (समोर बसणं वेगळं आणि चालवणं वेगळं, हे आप्पांना कोण सांगणार?)

साईटवाल्या कंपनीनं दोन सर्व्हर दिले होते, एक कच्चा आणि एक पक्का. कच्च्यावर काहीही लिहा, बाहेर कुणाला दिसत नाही. सगळं मनासारखं जमलं की मजकूर पक्क्यावर न्यायचा, मग तो जगाला दिसतो. कच्च्यावर नमुन्याला एक वधू हवी होती, म्हणून मी घरचीच घेतली. आमची सौ., हर्षदा. तिचा फोटो टाकला, घरचा नंबर टाकला आणि स्वभावाच्या रकान्यात, कच्चंच तर आहे म्हणून, मनातलं लिहून मोकळा झालो: ‘तापट. सासूचं ऐकत नाही. बोलायला लागली की थांबत नाही.’ लग्न झाल्यापासून इतकं सलग मी प्रथमच बोलत होतो.

शेवटी पडद्यावर दोन बटणं आली. ‘रद्द करा’ आणि ‘पुढे ढकला’. (साईट मराठीतच हवी, हा आप्पांचा हट्ट.) चहाची वेळ झाली होती. म्हटलं, उरलेलं उद्या बघू. आमच्या कचेरीत पुढे ढकलणं हे एकच काम त्या दिवशीचं त्या दिवशी होतं. मी सराईतपणे ‘पुढे ढकला’ दाबलं.

पण मराठी करणाऱ्या शहाण्यानं, मजकूर पक्क्यावर पाठवण्याच्या इंग्रजी ‘पुश’चं ‘पुढे ढकला’ केलं होतं! कच्च्यावरचं सगळं पक्क्यावर गेलं. मी बशीत चहा ओततोय तोवर माझी बायको अख्ख्या जिल्ह्यात स्थळ म्हणून निघाली होती.

फोन वाजला. हर्षदानं उचलून स्पीकरवर टाकला.

“शिरूरहून मल्हारी बोलतोय. मुलगी साईटवर पाहिली. पोराला पसंत हाय.”

“कुठली मुलगी?”

“हर्षदा. तापट हाय म्हनं. चालंल की! आमची म्हातारी कुनाला जुमानत न्हाई, तिला तशीच सून पाहिजे.”

हर्षदानं मोबाईलवर साईट उघडली आणि तो रकाना शाळेतल्या धड्यासारखा खणखणीत वाचला. मग पिशवी भरायला घेतली. म्हणजे पाबळ, म्हणजे माहेर. ती गेली तर या घरात मला नावं ठेवायलासुद्धा कुणी उरणार नाही, या विचारानं मी दारात आडवा उभा राहिलो.

“अगं, मला पुढं ढकलायचं होतं, ते पुढं गेलं!”

“आन् लिवलं कुनी? तोंडावर बोलायला जीभ न्हाई व्हय?”

“मीच लिहिलं, पण कच्चं!”

स्पीकरमधून मल्हारी म्हणाले, “मागं बोलत्यात ते मुलीचे वडील का? त्यांनीच लिवलंय व्हय? लई खरा मानूस! फोटोत मुलीशेजारी बसल्यात तेच ना, टक्कलवाले?”

(फोटो गेल्या वर्षी मेव्हण्याच्या लग्नात काढलेला. शेजारी मी. माझ्यात आणि तिच्यात जेमतेम दोन वर्षांचं अंतर आहे.)

हर्षदाचा हात पिशवीतच थांबला. ओठ आवळले, गाल फुगले आणि ती मटकन पलंगावर बसून पोट धरून हसायला लागली. डोळे पुसत, “व्हय व्हय, तेच. देते त्यांच्याकडं,” म्हणत तिनं फोन माझ्यापुढं धरला. दुसरा हात अजून पिशवीवरच होता.

मी घसा खाकरला.

“बोला पाव्हणं, मी मुलीचा बाप बोलतोय.”