आठ घोड्यांच्या इंजिनास करडईचे तेल पाजिले त्याची हकीकत

श्री.

शके अठराशे एकोणऐंशी, हेमलंबी नाम संवत्सरे, माघ शुद्ध पक्षी, मौजे कुंभार पिंपळगाव, तालुके अंबड, येथे जी मोहीम घडली तिचा मजकूर चावडीवर नाना मुखांनी नाना प्रकारे सांगितला जातो, आणि ज्यांनी पाहिले ते कमी बोलतात व ज्यांनी पाहिले नाही त्यांचे तोंड मिटत नाही, म्हणोन खरे ते एके ठिकाणी असावे या हेतूने हे लिहिले. कोणी शहाणा म्हणेल की इंजिन म्हणजे लोखंड, लोखंडाची कसली बखर. तर त्यास विनंती की आधी पुरते ऐकावे आणि मग हसावे.

राजमान्य राजश्री धर्मराज बिन रखमाजी हे पिंपळगावचे नामांकित कास्तकार. राज्य म्हणावे तर गावकुसाबाहेर काळ्या रानाचा एक तुकडा, खजिना म्हणावा तर धान्याचे बळद, आणि फौज म्हणावी तर एक इंजिन. परंतु इंजिन आठ घोड्यांचे. दोन सालांमागे जालन्याहून बैलगाडीत घालून आणिले, तेव्हा वेशीपासून विहिरीपर्यंत हलगी वाजविली, नारळ फोडिला, इंजिनास हळदकुंकू वाहिले, आणि त्या खुशालीत धर्मराजरावांनी भर पंगतीत फर्माविले की आता मोटा मोडून चुलीत घालाव्या, बैलांचा जमाना संपला. हे फर्मान पंगतीत बसलेले त्यांचे थोरले बंधू मच्छिंद्रराव यांनी ऐकिले. विहीर दोघांची सामाईक, चार दिवस पाणी याचे, चार दिवस त्याचे. एका काठावर इंजिन आणि दुसऱ्या काठावर मच्छिंद्ररावांची मोट. मच्छिंद्रराव अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतले, आणि त्या दिवसापासून दोघा सख्ख्या भावांत बोलणे बंद जाहले. काही सांगणे असेल तर मच्छिंद्रराव ते बैलास सांगत, "चल रं राजा, तुला काय डिझल लागत न्हाई," आणि धर्मराजराव पलीकडच्या काठावर इंजिनाचे चाक पुसत पुसत ते ऐकून घेत. चाक फार चकचकीत असे.

तो माघ आला. धर्मराजरावांचा एकरभर गहू ओंबीत आला, दाण्यात दूध भरले, आता शेवटले पाणी मिळाल्यास दाणा टपोरा आणि न मिळाल्यास कोंबड्यांस टाकावा ऐसा. आणि नेमके त्याच समयी डिझेलाची रसद तुटली. जालन्यास मस्तगडाच्या बाजूस एक दुकानदार होता, त्याजकडे पत्रे गेली, निरोप गेले, खासा धर्मराजराव रिकामा डबा मांडीवर घेऊन मोटारीने दोन वेळा गेले, आणि दरवेळी एकच जबाब मिळाला की माल रस्त्यात आहे, उद्या बराबर येईल. ऐसे बारा उद्या जाहले. दुकानदार मोठा सभ्य, त्याने प्रत्येक वेळी चहा पाजिला. इंजिनास चहा चालत नाही, नाहीतर काम तेथेच भागले असते.

धर्मराजराव बांधावर बसून ओंबी चोळून पाहत आणि दिलगीर होत. पाण्याची पाळी त्यांची, परंतु चारांपैकी तीन दिवस कोरडे गेले होते, चौथ्या दिवशी सूर्य मावळताच विहीर मच्छिंद्ररावांकडे जाणार, आणि आणखी चार दिवस गहू थांबणार नव्हता. भीती दोन प्रकारची होती. गहू जाईल ही एक. दुसरी, आणि ती पहिलीहून थोर, ऐसी की पलीकडच्या काठावरची मोट मागावी लागेल, मागण्यास तोंड उघडावे लागेल, आणि दोन सालांनंतर पहिला शब्द कोणता काढावा हे त्यांस काही केल्या सुचत नव्हते. खरे लिहावे तर ते भावास भीत नव्हते, भावाची त्यांस फार आठवण येत होती, आणि हे कबूल करण्यापेक्षा इंजिनास काहीही पाजणे सोपे होते.

तेव्हा मसलतीस शाळेचे नरहर मास्तर यांस पाचारण केले. मास्तर जालना शहरचे, छापील कागद दिसला की उभ्या उभ्या वाचणारे. त्यांनी चष्मा पुसून कथिले की हे इंजिन विलायतेत प्रथम निघाले तेव्हा पॅरिस शहरी मोठ्या प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते, आणि डिझेल हे नंतरचे फॅड.

"मंग करडईवर न्हाई का चालायचं?" धर्मराजरावांनी पुसले.

"न चालायला काय झालं? तेल ते तेल," मास्तर वदले.

मास्तरांनी जन्मात इंजिनास हात लाविला नव्हता, त्यामुळे त्यांच्या मनात शंका ऐसी काही नव्हती. त्यांनी आणखी ऐसाही सल्ला दिला की इंजिनाच्या पोटातील वंगण जळून काळे जाहले आहे ते काढून टाकावे आणि जागी एरंडेल घालावे, कारण गाडीच्या आसास जे चालते ते इंजिनाच्या दांड्यास का चालू नये. लागलीच माणसे धावली आणि घरोघर फिरून गावातील समस्त एरंडेल जमा केले. ते एरंडेल लेकरांच्या पोटासाठी राखिलेले होते. लेकरांनी इंजिनास मनापासून दुवा दिला.

राहिला करडईच्या तेलाचा किल्ला. त्याची किल्लेदारीण धर्मराजरावांची कुटुंब, सौभाग्यवती गोजरबाई. नवी करडई निघण्यास अजून महिना, आणि वर्षाच्या तेलातून घरात अर्धा डबा काय तो उरला, तो बाईंनी फडताळात कापडाने तोंड बांधून ठेविलेला. धर्मराजरावांनी मागणी घातली, तेव्हा बाई पोळपाटावरून न उठताच बोलल्या:

"इंजनाला करडी पाजता, आन घरच्यानं काय पान्यात फोडनी द्यायची? म्या म्हन्ते, थोरल्या भाऊजींकडं एक शबूद टाका. मोट जुपतीन ते. तुमची जीभ झिजंल का?"

"त्येवढं सोडून काय बी सांग," धर्मराजराव म्हणाले.

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. वीस सालांचा संसार, तोंड वाचता येत होते. मग तह ठरला तो येणेप्रमाणे, की नव्या करडईचे पहिले तेल बाईंच्या हवाली करावे, तोवर घरात जे शिजेल ते मुकाट्याने खावे, आणि बरोबर जी मोठी कढई न्यावयाची ती धर्मराजरावांनी स्वहस्ते राखेने घासून परत आणावी. कढईचे कलम मास्तरांमुळे आले होते. माघाची थंडी, तेल घट्ट, ते तापवून घातल्याखेरीज इंजिनाच्या बारीक नळीतून उतरणार नाही ऐसे त्यांचे म्हणणे होते.

ऐसा सरंजाम घेऊन चौथ्या दिवशी उजाडताच स्वारी कूच जाहली. पुढे मास्तर छत्री घेऊन, मग धर्मराजराव डोईवर तेलाचा डबा घेऊन, आणि मागे गोजरबाई कमरेवर कढई घेऊन. वाटेत मच्छिंद्ररावांचे घर लागले. त्यांची कुटुंब साळूबाई अंगणात सडा टाकीत होती, तिने डबा पाहिला, कढई पाहिली, आणि सड्याचे पाणी एकाच जागी ओतून टाकिले. गोजरबाई विहिरीवर कढई ठेवून घरी परतल्या.

विहिरीवर पोहोचताच पहिला हल्ला धर्मराजरावांनी उतावळेपणाने केला. तेल तापण्याचा धीर न धरिता थंडच ओतिले आणि हॅण्डल फिरविले, आणि इंजिनाने एक उचकी देऊन हॅण्डल उलटे फेकिले, आणि राव तीन हात दूर मेथीच्या वाफ्यात जाऊन पडिले. आठही घोड्यांनी मिळून एकच लाथ मारिली ऐसे मास्तर म्हणाले. मास्तर तेव्हा छत्रीआड होते. मग तीन दगड मांडून जाळ केला, कढईत तेल कढविले, डिझेलाच्या जुन्या डब्याच्या बुडाशी पावशेर डिझेल उरले होते ते आधी पाजून इंजिन चालते केले, ते तापले, आणि मग नळीत कढत करडई सोडिली. इंजिन क्षणभर गप्प जाहले. धर्मराजरावांचा जीव टांगणीस लागला. आणि मग ते धडधडले! नळातून पाणी पाटात आले, पाटातून वाफ्यात, आणि पहिल्या वाफ्यातील भेगा भरताना पाहून धर्मराजराव चिखलात तसेच बसले आणि मोठ्याने हसले. इतका आनंद त्यांस लग्नातही जाहला नव्हता, परंतु ही गोष्ट गोजरबाईंस कळवू नये.

येथपर्यंत सर्व मसलतीबरहुकूम. पुढे जे जाहले त्याचा अंदाज विलायतेच्या साहेबासही नव्हता. इंजिनाच्या नळकांड्यातून जो धूर निघाला त्यास डिझेलाचा वास नव्हता, त्यास भज्यांचा वास होता. कांदाभजी म्हणा, पुऱ्या म्हणा, धपाटे म्हणा, ज्याच्या मनी जे असेल त्याचा वास. वारा गावाकडे. थोड्याच अवधीत सारे पिंपळगाव तळणाच्या वासाने भरून गेले.

आणि पिंपळगावचा रिवाज ऐसा की सण नाही, वार नाही, आणि भर सकाळी कोणाकडे मोठी कढई चढली, तर त्याचा अर्थ एकच: घरी पाहुणे आले, मुलगी दाखविली, सुपारी फुटली. धर्मराजरावांची कन्या चतुरा यंदा सतराव्या वर्षात. साळूबाईने अंगणातच ओरडून सांगितले, "चतुरीची सोयरीक जमवली त्यायनं! रानात पंगत घातली, आन आपल्याला आवतन न्हाई!"

मच्छिंद्ररावांनी हे ऐकिले आणि त्यांचा चेहरा उतरला. मोट चुलीत घाला म्हटले ते त्यांनी पोटात घातले होते, दोन साल अबोला सोसला होता, परंतु पुतणीच्या सुपारीस थोरल्या चुलत्याने पहिला विडा उचलावा हा त्यांचा हक्क, आणि तोच गेला ऐसे वाटून त्यांस रडू कोसळण्याच्या बेतात आले. रडू नये म्हणोन ते संतापले. पेटीतला कोशा पटका काढून डोईस बांधिला, भावकी जमा केली, पंचवीस आसामी, आणि ही सेना प्रथम धर्मराजरावांच्या वाड्यावर म्हणजे तीन खणांच्या घरावर चालून गेली. तेथे चूल थंड. गोजरबाई व चतुरा भाकरीशी पिठले खात होत्या, तेही बिनफोडणीचे.

"पावणे कुटं गेले?" मच्छिंद्ररावांनी उंबऱ्याबाहेरून गर्जना केली.

"कुटले पावणे, भाऊजी? त्येल तर समदं हिरीवर गेलंय."

म्हणजे पंगत विहिरीवरच, ऐसा अर्थ सेनेने काढिला आणि मोर्चा वळविला. वाटेत आणखी माणसे मिळत गेली, कित्येकांनी घरून ताटल्या घेतल्या. सेना विहिरीवर पोहोचली तो काय पाहते, तर पाहुणे नाहीत, पंगत नाही, नरहर मास्तर जाळ फुंकत आहेत, आणि धर्मराजराव नखशिखांत तेलात भिजून कढईतले तेल पळीने इंजिनास पाजीत आहेत, आणि इंजिन भजी तळल्याचा वास सोडीत धडधडत आहे. ताटल्या घेऊन आलेले लोक ताटल्या मागे लपवू लागले.

"हे काय करून राह्यला?" मच्छिंद्ररावांनी पुसले. दोन सालांनंतर ते बैलास न पुसता भावास पुसले.

"गहू भिजवून राह्यलो, दादा," धर्मराजराव म्हणाले, आणि पहिला शब्द काय काढावा याची जी चिंता होती ती संपली, कारण तो निघून गेला होता.

इतक्यात कढई खरवडली गेली. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. बांधालगतचे अकरा वाफे कोरडे राहिले. गहू वाऱ्याने सळसळत होता तेवढाच आवाज. धर्मराजरावांनी अकरा वाफ्यांकडे पाहिले, पलीकडच्या काठावरील मोटेकडे पाहिले, आणि मान खाली घातली.

मग मच्छिंद्ररावांनी पंचवीस जणांसमक्ष कलम घातले ते ऐसे: "माझ्या पुतनीची सुपारी माझ्याबिगर फुटायची न्हाई. हे कबूल कर, मंग मोट जुपतो."

"तुझ्याबिगर कशी फुटंल, दादा? चुकलो म्या. त्या दिसाला पंगतीत बोल्लो ते बिलकुल चुकलो."

ऐसे म्हणताना धर्मराजरावांच्या डोळ्यांस पाणी आले. धुराचे निमित्त सांगावे तर इंजिन बंद होते. मच्छिंद्रराव "बैलं आनतो" म्हणोन घाईने वळले, आणि त्यांनी पटक्याचा शेव तोंडावरून का फिरविला हे भावकीतील कोणीही पुसले नाही. मोट चालली, पाट भरला, आणि सूर्य मावळण्याच्या आत अकराही वाफे भिजले. साळूबाईने आपल्या घरची तेलाची बरणी गोजरबाईंस पोहोचविली, आणि ताटल्यांची लाज राहावी म्हणोन दोघी जावांनी मिळून खरीच भजी तळली.

येणेप्रमाणे माघ शुद्ध दशमीस विहिरीची मोहीम फत्ते जाहली. गहू राखिला, दाणा टपोरा आला, नरहर मास्तरांनी शाळेत तीन दिवस याच विषयावर व्याख्यान दिले, आणि चौथ्या दिवशी मस्तगडाहून डिझेल आले. फत्ते इंजिनाची की बैलांची, करडईची की कडब्याची, याचा निकाल मात्र दफ्तरी लिहिता येत नाही, कारण धर्मराजराव म्हणतात एकरभर इंजिनाने भिजविले, आणि मच्छिंद्रराव म्हणतात अकरा वाफे राहिले असते तर तुझे एकर काय चाटायचे होते. आणि हा तंटा दोघे भाऊ दररोज विहिरीच्या एकाच काठावर, एकाच घोंगडीवर बसून, एका ताटात खात खात करितात. येणेप्रमाणे मजकूर पक्का समजोन लिहिला असे.