पोर उगाच रडत नाय

आमच्या सोसायटीतले म्हात्रेकाका लहान मुलांना नाव विचारत नाहीत. लिफ्टमध्ये कुणाच्या कडेवर मूल दिसलं की ते आधी स्वतःच मोठा आ वासतात. त्यांच्या तोंडात पाचच दात उरलेत. ते बघून मुलाचंही तोंड उघडतं आणि काका आत डोकावून घेतात. "दाढ येतेय. सोच्छ फडकं ओलं करून फ्रिजात ठेवा, चावूदे त्याला," असा निकाल देऊन ते तिसऱ्या मजल्यावर उतरतात.

नेरे या गावी त्यांची भातशेती होती. डॉक्टरकीशी सात पिढ्यांत संबंध नाही. "आमी काय डॉक्टर नाय. पण पोर उगाच रडत नाय," हे त्यांचं पालुपद. एका आजीने नातवाच्या हिरडीला लवंगेचं तेल चोळलं, तर हिरडी भाजते म्हणून तिच्याशी आठवडाभर अबोला. मला हा माणूस भलताच आगाऊ वाटायचा.

मग आमचा अडीच वर्षांचा ओम जेवेनासा झाला. घास घ्यायचा आणि रडत थुंकायचा. माझ्या आईने मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या जाळूनही कुणाला ठसका लागला नाही, म्हणजे नजर जबरदस्त, असं आमचं निदान. तीनदा काढली, पोर सुकतच चाललं. चौथ्यांदा धूर खाली गेला आणि काका न बोलावता वर आले.

त्यांनी आ केला, ओमनेही केला. मोबाइलच्या उजेडात मागच्या दोन दाढा काळ्या दिसल्या.

"झोपताना दुधाची बाटली देता ना? साखर घालून?"

आम्ही माना खाली घातल्या.

"नजर नाय, कीड हाय. आजच दाखवा."

"दुधाचेच दात काका, पडणारच ना?" मी म्हणालो.

"पडतील तवा पडतील. दुखतात तर आता ना?" काका कडाडले.

दाताच्या डॉक्टरांकडे दोन्ही खेपांना ओम काकांच्याच मांडीवर बसला. दाढा भरून झाल्यावर चार दिवसांनी तो वरणभात मागून मागून जेवला. काका समोर बसून बघत होते. एकाएकी त्यांचे डोळे भरले.

"आमची लेक सुरेखा अशीच रडायची. आमी नजर काढली. नाय थांबली, तवा हट्टी म्हणून मारली. दुखत्या गालावरच."

मला फार वाईट वाटलं. "सुरेखाताईंना आठवत असेल का?" मी विचारलं.

"नाय आठवत. माफी मागायचा धीर नाय होत मला. फोन आला की आधी तिचे दात इचारतो. ती हसते. म्हणते, बाबा, तुमाला दुसरं काय सुचतच नाय का?"