जमादाराच्या कॉम्प्युटरवरचा पाहुणा

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि रामभाऊ शेळक्यानं मला त्याच्या घरात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला. शाळेत मास्तरानं मला कधी असं उभं केलं नव्हतं, कारण मास्तराच्या मनात यायच्या आधीच मी शाळा सोडली होती. आणि माझा गुन्हा काय? रामभाऊ त्याच्या कॉम्प्युटरला पासवर्ड घालत होता आणि मी त्या खोलीत होतो.

"पाठ फिरव," म्हणाला.

मी म्हणालो, अरे, मी शंकर.

"ओळख घरी. गेटवर पास."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. बसला होता स्वतःच्याच घरात, पायजमा-बंडीवर, पण त्याला कोण सांगणार?

बरं, एकट्या मलाच फिरवलं असं नाही. कौसावहिनी, म्हणजे त्याची बायको, तीही परात हातात घेऊन पाठमोरी. धुण्याभांड्याला येणारी मंगल पाठमोरी. भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो आहे, फेटेवाला. पासवर्ड घालायच्या आधी रामभाऊ त्या फोटोवर टॉवेल टाकतो. म्हातारा जाऊन चाळीस वर्षं झाली. नगरकडच्या खेड्यात बैलं राखत गेला, सही येत नव्हती, अंगठा लावायचा. तो काय पासवर्ड पाहून कुणाला सांगणार होता? पण टॉवेल पडायचा म्हणजे पडायचा.

हा माणूस मला चाळीस वर्षांवर छळत आलाय. आम्ही एकाच कंपनीत होतो, चिंचवडला. मी पत्रा दाबायच्या प्रेसवर, हा गेटवर. आधी साधा वॉचमन, मग जमादार झाला आणि आजपर्यंत जमादारच राहिला. आमच्या तळवडे गावात त्याला रामभाऊ म्हणणारा मी एकटा. एकतीस वर्षं रोज सुटी झाल्यावर ह्यानं माझा डबा उघडून पाहिला. रिकामा डबा. त्यात भाकरीचा तुकडा नाहीतर मिरचीचं देठ. मी म्हणायचो, काय सापडलं का रे? हा झाकण लावून म्हणायचा, पुढे चला. साहेबाची गाडी आली तरी डिकी उघडायला लावायचा. एकदा तर स्वतःचा पास घरी विसरला. दुसऱ्या कुणी शिव्या घातल्या असत्या आणि आत गेला असता. हा गेटबाहेर उभा राहिला, आत असलेल्या पोराला म्हणाला, माझी अर्ध्या दिवसाची रजा मांड, आणि पास आणायला पायी घरी गेला. स्वतःच स्वतःला अडवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

त्याची दुसरी खोड म्हणजे वाचन. गेटजवळ बोर्ड होता, त्यावर नोटिसा लागायच्या. बहुतेक इंग्रजीत. शिफ्ट बदलली, सुटी बदलली, बूट घालून या, असलं काहीबाही. जमादार ती नोटीस रोज सकाळी मराठीत करून वाचायचा. एवढ्या मोठ्यानं की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला आमच्या सुट्ट्या पाठ झाल्या होत्या. मी समोरून निघालो की आवाज आणखी चढायचा. मला वाटायचं, मॅट्रिक पास झाल्याची मिजास दाखवतोय. मी मान वळवून चालू लागायचो. ऐकायला मात्र यायचंच.

रिटायर झाल्यावर हा सुटेल असं वाटलं होतं. कुठलं! त्याचा मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. रोज दीड तास गाडीत जायला, दोन तास यायला, शेवटी कंटाळून कॅनडाला गेला. जाताना घरचा कॉम्प्युटर बापाला देऊन गेला. ह्यानं पंधरा दिवसांचा क्लास लावला. सोळाव्या दिवशी ओसरीच्या खोलीत टेबल, खुर्ची, दारात पायपुसणं आणि लाल रजिस्टर. नाव, आत वेळ, बाहेर वेळ, शेरा. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रत्येकानं ते भरायचं. उठताना पुन्हा भरायचं. पाणी प्यायला उठलात तरी आधी कॉम्प्युटर बंद. पाणी कुठं पळून जात नाही, म्हणायचा.

घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं. म्हणजे कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर नावांची रांग येते, आपलं नाव दाबायचं, आपला पासवर्ड घालायचा, आणि मग आपली खोली उघडल्यासारखं होतं. दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही. रांगेत सगळ्यात वर मुलगा. खरा मालक तोच; नवीन काही घालायचं झालं तर कॉम्प्युटर त्याचाच पासवर्ड मागतो. रामभाऊ मग कॅनडाला फोन लावतो. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हालाच मालक करून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे. हा म्हणाला, नको, मालक तूच, मी गेटवर बरा. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी ह्याला काहीतरी नवीन घालायचं असतंच. मी म्हणालो, भित्रा आहेस तू.

पासवर्डचे नियम तर विचारू नका. आठ अक्षरं, इंग्रजी, त्यात एक मोठं, एक आकडा, एक खूण. दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचा. कागदावर लिहायचा नाही. तीनदा चुकला तर खातं दिवसभर बंद. कौसावहिनींना भजनाच्या व्हिडिओंचा नाद. त्यांनी पासवर्ड पोळपाटाच्या खालच्या बाजूला खडूनं लिहून ठेवला. ह्यानं एक दिवस पोळपाट उलटा करून पाहिला. कशाला पाहिला, ते त्यालाच ठाऊक. एकतीस वर्षं डबे उघडणारा माणूस. वहिनींचं खातं आठवडाभर बंद, वर लेखी खुलासा मागितला. वहिनींनी खुलासा दिला नाही. स्वयंपाकघराला कडी लावली आणि दाराबाहेर कागद चिकटवला की हे खातं बंद आहे, कारण विचारू नये. दोन दिवस जमादार कोपऱ्यावरच्या गाड्यावर वडापाव खात होता. तिसऱ्या दिवशी वहिनींचं खातं उघडलं. रजिस्टरमध्ये शेरा: प्रशासकीय कारणास्तव.

मी रोज दहाला जायचो. कुस्त्या बघायला. कॉम्प्युटर तो आपल्या खात्यातून सुरू करून द्यायचा, मी माऊस धरायचो. कुस्तीचं चित्र दाबलं की कुस्ती लागायची. एवढं मला छान जमायचं.

मग एका रविवारी त्यानं कॅनडाला फोन लावून नवी खाती काढली. कंपनीतले आम्ही चार म्हातारे जमलो होतो. मंगललाही बोलावलं, तिला तिच्या मुलीच्या शाळेचा फॉर्म भरायचा असायचा. ह्यानं एकेकाचं नाव पडद्यावर चढवलं. सगळ्यांना पुढे बोलावलं, पासवर्ड घालायला लावला, आम्ही पाठी फिरवल्या. मंगलचं नाव झालं. तिघांची झाली. माझी पाळी आली तेव्हा हा खुर्चीतून उठलाच नाही. स्वतःच काहीतरी टकटक केलं आणि म्हणाला, शंकर, तुझं झालं.

मी पाहिलं. मराठीत लिहिलं होतं: पाहुणा.

मी विचारलं, हे काय?

"हे तुझं. ह्याला पासवर्ड लागत न्हाई. दाबलं का उघडतंय."

"माझं नाव कुठाय?"

"तुला हेच बरं."

चारचौघांत. जो माणूस ह्या गावचा, ज्याच्या बापाची जमीन ह्या रस्त्याखाली गेली, तो पाहुणा. आणि नगरहून पिशवी घेऊन आलेला हा घरमालक. ज्याच्या मुलाच्या लग्नात मी दोन दिवस मांडवाला टेकू देत उभा होतो, त्यानं मला कुलूप नसलेली खोली दिली, धर्मशाळेसारखी. मंगलला नाव, मला न्हाई. एक म्हातारा हसला. दुसरा म्हणाला, पाहुण्याला चहा तरी द्या. माझं डोकं फिरलं.

मी म्हणालो, "रामभाऊ, ह्या घडीला माझं नाव चढव. जसं सगळ्यांचं हाय तसं. न्हाईतर मी तुझ्या पायरीला पाय लावणार न्हाई."

हा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, चढवेल. तो म्हणाला, "नियमात बसत न्हाई."

मी लाल रजिस्टर ओढलं, बाहेर वेळ लिहिली आणि शेऱ्यात लिहिलं: कायमचा.

अकरा दिवस गेलो नाही. त्याच्या घरावरून जावं लागू नये म्हणून दूध आणायला लांबच्या गल्लीनं जाऊ लागलो. घरात सगळ्यांवर खेकसत होतो. सूनबाई म्हणाली, मोबाईलवर लावून देऊ का कुस्ती? मी म्हणालो, मला कुस्ती आवडत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी कौसावहिनी दारात. रामभाऊचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेला होता, सोबत भाचा. मला कळवलंही नव्हतं. मी म्हणालो, मग मी काय करू? वहिनी म्हणाल्या, घराला राखण हवी, मला मंडईत जायचंय, तासभर येऊन बसा. हे खोटं होतं. ज्या घराला तीन कुलपं आहेत त्याला राखण कशाला? पण बाई दारात येऊन बोलली, नाही कसं म्हणायचं?

गेलो. कॉम्प्युटरकडे पाठ करून बसलो, हा तर आता सरावच झाला होता. वहिनींनी चहा ठेवला. मग कपाटातून एक निळी वही काढून माझ्यापुढे टाकली. लाल रजिस्टर सगळ्यांना माहीत, ही निळी वही मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काय हाय हे?"

"खात्यांची वही. कुणाला काय दिलं, का दिलं," वहिनी म्हणाल्या. "भावजी, मला त्यांनी बजावलंय की शंकरला सांगायचं नाही. वाचायला देऊ नको असं काही म्हणाले नाहीत."

आणि पिशवी घेऊन गेल्या.

चौथीपर्यंत शिकलोय, मराठी मला वाचता येतं. हळू येतं, पण येतं. पानं उलटत गेलो. वहिनी. मंगल. ते तिघे म्हातारे. मग माझं पान. जमादाराचं अक्षर गेटवरच्या पाटीसारखं, गोल आणि स्वच्छ.

शंकर. खातं: पाहुणा. पासवर्ड नाही. कारण: इंग्रजी अक्षरं ओळखत नाही. चौघांत विचारायचं नाही. हे खातं दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही. रागावला तरी कारण सांगायचं नाही.

चहा गार झाला.

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला माहीत होती, ती गेली. बाकी सगळीकडे माझा चष्मा घरी राहिलेला असायचा. चष्मा घरी राहिला, हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललोय की चष्मा नव्हता त्या वयातही बोललो असेन. मग ह्याला कसं कळलं?

आणि तिथं बसल्या बसल्या मला ती सकाळ आठवली. कंपनीत लागून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. बोर्डावर शिफ्ट बदलल्याची इंग्रजी नोटीस होती. मी पहाटे उठून सहाला गेटवर हजर, आणि माझी पाळी होती दुपारची. गेटवर हा एकटा. मी म्हणालो, असंच आलो लवकर, घरी झोप येत नव्हती. त्यानं बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, ये, शेकोटीला बस. बाकी काही नाही.

त्यानंतरच ते वाचन सुरू झालं होतं. मी समोरून निघालो की चढणारा तो आवाज.

मला वाईट वाटलं असं तुम्हाला वाटेल. मला राग आला. जास्तच आला. हा कोण लागून गेला मला सांभाळणारा? जवळजवळ तीस वर्षं माझ्यासाठी घसा फोडला आणि मला साधा पत्ता लागू दिला नाही. शिव्या घालायची सुद्धा सोय ठेवली नाही. स्वतःला गेटवर अडवणारा माणूस, बापाच्या फोटोवर टॉवेल टाकणारा माणूस, त्यानं नियम मोडून एक दार उघडं टाकलं, आणि मी त्या दारावर लाथ मारून आलो.

वही जिथल्या तिथं ठेवली. वहिनी रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन सूनबाईला म्हणालो, ते इंग्रजी अक्षरांचं पुस्तक आहे का आपल्याकडं? तिनं का म्हणून विचारलं नाही. हिला पण माहीत आहे की काय, असं वाटून पुन्हा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी रामभाऊच्या ओसरीवर गेलो. डोळ्यांवर काळा गॉगल लावून बसला होता, फळवाटपाला आलेल्या पुढाऱ्यासारखा. मी तब्येत विचारली नाही. खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरसमोर बसलो.

"माझं नाव चढव. पासवर्ड मी घालणार."

त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "तुझा चष्मा?"

"आणलाय."

त्यानं गॉगल कपाळावर चढवला, कॅनडाला फोन लावला आणि डोळे बारीक करून नाव चढवलं. पूर्ण. शंकर धोंडिबा काळे. मग रिकामी चौकट आली आणि आत काळी रेघ उघडझाप करायला लागली.

"पाठ फिरव," मी म्हणालो.

"डोळ्याला औषध घातलंय, मला काय दिसतंय..."

"ओळख घरी."

रामभाऊ उठला. बापाच्या फोटोवर टॉवेल टाकला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एकतीस वर्षं प्रेसच्या चालू-बंदच्या दोन बटणांवरची इंग्रजी अक्षरं माझ्या बोटाखाली होती, ती तेवढी माझ्या ओळखीची. कीबोर्डवर ती एकेक करून शोधली. वर एक मोठं, एक आकडा, एक खूण. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा हात थांबवला, घाम पुसला, पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटं तरी गेली असतील. वहिनी आतून डोकावल्या आणि परत गेल्या. तो एकदाही वळला नाही, खोकलासुद्धा नाही.

उघडलं.

मी म्हणालो, वळ आता. त्यानं लाल रजिस्टर घेतलं, नाक कागदाला लागेल इतकं खाली वाकून लिहिलं: शंकर धोंडिबा काळे, आत वेळ दहा पस्तीस. त्या रजिस्टरात प्रत्येकाच्या नावापुढं रोज काही ना काही शेरा असतो, वहिनींचासुद्धा सुटलेला नाही.

माझ्या नावापुढची जागा त्यानं कोरी ठेवली.