गरम कुंडातलं गाऱ्हाणं

खारेपाटणला हायस्कुलात विज्ञान शिकवणारे गुरुप्रसाद राणे आपल्या आईला, रुक्मिणीबाईंना, कुणकेश्वरजवळच्या एका रिसॉर्टवर घेऊन आले ते केवळ तिच्या गुडघ्यांसाठी. सोबत त्यांची मुलगी शिवांगीही होती. डॉक्टरांनी गरम पाण्याचा शेक सांगितला होता, आणि इथे बोअर मारताना जमिनीतूनच गरम पाणी लागलं होतं. मालक दीपेशने त्यासाठी चिऱ्याचं कुंड बांधलं होतं. समोर समुद्र, खोल्या साध्या, दर शिक्षकाला झेपणारे, सोलकढी मागाल तितकी. सगळी सोय चोख होती. बिघडवली ती रुक्मिणीबाईंनीच.

पोचल्या पोचल्या त्या काठी टेकत कुंडाशी गेल्या. पाण्यावर वाफ होती. आत बरीच मंडळी गळ्यापर्यंत बुडून बसली होती, दोन पोरं पायरीवरून धपाधप उड्या मारत होती, आणि कुडाळचे एक सावंत पाण्यात पाय हलवत वेफर्स खात होते. ते बघून रुक्मिणीबाईंचं डोकंच फिरलं.

"गुरू, जमिनीतसून गरम पाणी येता म्हणजे हय देव आसा. आणि हे मेले तेच्यात पाय हलवीत वेफर्स खातत!"

"आई, देव नाय गो. खाली खडक तापलेले आसतत."

"मगे ते तापयता कोण?"

पिशवीत कुणकेश्वराला वाहायचा नारळ होता. तो त्यांनी काठावर ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला. आई आता देवाला गाऱ्हाणं घालणार, हे गुरुप्रसादनी ओळखलं. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घरात वडिलांचा. ते गेल्यापासून आईने तो परस्पर स्वतःकडे घेतला होता, आणि तिचा आवाज वडिलांपेक्षा मोठा होता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाण्यातून उत्तर आलं. सावंत होते ते. इकडच्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की तो कुठल्याही अवतारात असो, त्याच्या तोंडून एवढं निघतंच. उघड्याबंब सावंतांनी वेफर्स खाली ठेवले आणि टॉवेल डोक्यावर घेऊन हात जोडले.

"हय जो कोण गरम पाण्याचो राखणदार आसात, तेका आज ह्यो नारळ ठेवलंय. लेकरांचा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळं कुंड एका सुरात.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण साथ मिळाली की रुक्मिणीबाईंना चेव चढतो.

"आणि हेच्या फुडे जो कोण ह्या पाण्याक पाय लावतलो, तेका तू बघून घी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो आणि कुठे उभं राहून म्हणालो, ते मंडळींच्या ध्यानात आलं. कुंड रिकामं व्हायला वेळ लागला नाही.

दीपेशला आधी मजा वाटली. त्याने नारळाचा फोटोही काढला. पण संध्याकाळपर्यंत काठावर जास्वंदीची फुलं आली, कोणीतरी उदबत्ती लावली, चपला दहा हात लांब निघू लागल्या. नवे पाहुणे टॉवेल घेऊन आले की जुने त्यांना अडवू लागले. दुसऱ्या दिवशी एक कुटुंब "आंघोळच नाही तर राहायचं कशाला?" म्हणून निघून गेलं, तेव्हा दीपेश रुक्मिणीबाईंसमोर येऊन बसला.

"आजये, ता शेवटचा वाक्य तेवढा मागे घे गो."

"देवाक सांगितला ता सांगितला. मागे घेऊक ती काय सुटीची चिठ्ठी आसा?"

खरी पंचाईत रुक्मिणीबाईंचीच झाली होती. प्रवासाने गुडघे टम्म फुगले होते आणि औषध चार पावलांवर वाफाळत होतं. दीपेशने तेच पाणी बादलीतून आणून दिलं. रुक्मिणीबाईंनी मोठ्या आशेने बादलीकडे पाहिलं, मग सावंतांकडे पाहिलं. सावंत त्यांच्याकडेच पाहत होते.

"बालदेत घातला म्हणान देवाचा पाणी बदालला काय?" त्या म्हणाल्या आणि बादली परत पाठवली.

"तुझ्याच गुडघ्यांसाठी इलंव ना आमी?" गुरुप्रसाद चिडले.  रुक्मिणीबाई खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. गुरुप्रसादना आईची दया आली आणि रागही तेवढाच आला.

निघायच्या दिवशी सकाळी रुक्मिणीबाई नातीला, शिवांगीला घेऊन देवाचा निरोप घ्यायला कुंडावर गेल्या. काठावर जपून बसल्या, हात जोडून पुढे वाकल्या, आणि बसल्या जागेवरून घसरत थेट पाण्यात गेल्या.

एकच ओरडा झाला. गुरुप्रसाद धावत आले. रुक्मिणीबाई छातीपर्यंत पाण्यात बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत दिसलं नव्हतं असं समाधान होतं.

"आजये, पाय लागलो!" सावंत जोरात ओरडले.

"लागलो खंय? आधी बूड लागला. मागसून पाय भिजले, ते पाण्यान भिजयले. मी लावलंय नाय."

सावंतांनी डोळे मिटून विचार केला. "बरोबर आसा," ते म्हणाले, आणि शर्ट काढू लागले.

थोड्याच वेळात सगळी मंडळी काठावर बसून, दोन्ही पाय आकाशाकडे करून, एकामागून एक पाण्यात घसरत होती. दीपेशने काठाला खोबरेल लावून दिलं.

"आई, तुका खंय लागला नाय मा? चष्मो खंय गेलो?" गुरुप्रसादनी विचारलं.

"माझ्याकडे आसा," शिवांगी म्हणाली. "बसताना आजीनच माका दिलो. कानातला मशीनपण दिला."

गुरुप्रसादनी आईकडे पाहिलं. आई समुद्राकडे पाहत होती. पाण्याखाली तिचा उजवा गुडघा हळूहळू सरळ होत होता, ते बघून त्यांना फार बरं वाटलं. तिला हात द्यावा म्हणून त्यांनी पँट वर केली आणि पाण्यातल्या पहिल्या पायरीवर पाय टाकायला गेले.

"पाऽऽय!" सगळं कुंड ओरडलं.

विज्ञानाच्या शिक्षकांचा पाय हवेतच थांबला. त्यांनी तो मागे घेतला, तापलेल्या खडकांचा विषय तिथेच सोडला, आणि ते काठावर बसले.

"वर, गुरू," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आणखी वर."